दोन झटके, एक टेप आणि माझे गार हात

नसांच्या वेगाची तपासणी, जिला दवाखान्यात सगळेच 'एनसीव्ही' म्हणतात, ती माझी सहा आठवड्यांत दोनदा झाली. पहिल्या वेळी काय चाललंय हे मला काहीच कळत नव्हतं. त्यापायी जवळजवळ तीन आठवडे मी अशा आजाराची धास्ती घेऊन काढले, जो मला नव्हताच. दुसऱ्या वेळी मात्र प्रत्येक पायरी समजून घेऊन गेले. डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन तारखेची वाट पाहणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे, कागदपत्रांच्या कटकटीसकट.

त्रास नोव्हेंबरात सुरू झाला. रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायची. हात झटकला, पलंगाच्या कडेवरून खाली लोंबता सोडला की दहा-पंधरा मिनिटांत ओसरायच्या. माझं काम दिवसभर टंकलेखनाचं, त्यामुळे हात थकला असेल असं वाटून मी दुर्लक्ष केलं. डिसेंबरात मात्र गुंडी लावताना ती चिमटीत आहे की निसटली हे बघून ठरवावं लागायला लागलं. बोटांना कळेना. तेव्हा घाबरले.

८ जानेवारीला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "करंगळीला येतात का मुंग्या?" मला सांगता येईना. रात्री अर्धवट झोपेत सगळा हातच बधिर वाटतो. त्यांनी सांगितलं ते इथे मुद्दाम लिहिते. उशाशी कागद-पेन्सिल ठेवा. कागदावर हाताचा पंजा आधीच काढून ठेवा आणि जाग आली की जिथे मुंग्या आहेत तेवढाच भाग छायांकित करा. दोन रात्रींत माझं चित्र स्पष्ट झालं: अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू. करंगळी कोरी. अनामिका अशी अर्धी-अर्धी वाटली गेलेली आहे हे मला तेव्हाच पहिल्यांदा समजलं. तिची एक बाजू मीडियन नसेकडे, दुसरी करंगळीबरोबर अल्नर नसेकडे. हा कागद पुढे तिन्ही ठिकाणी दाखवावा लागला, तो जपून ठेवल्याचं चीज झालं.

डॉक्टरांनी दोन्ही मनगटं मिनिटभर खाली दुमडून धरायला लावली. पस्तीस-चाळीस सेकंदांतच उजव्या बोटांत मुंग्या आल्या. मनगटावर टिचकी मारल्यावर मधल्या बोटापर्यंत कळ गेली. "मनगटातल्या बोगद्यात नस दबलीय असं दिसतंय," ते म्हणाले, "पण किती दबलीय हे नसेलाच विचारावं लागेल." चिठ्ठीवर त्यांनी 'दोन्ही हात, मीडियन आणि अल्नर, तुलनेसह' असं लिहून दिलं. चिठ्ठीवर नुसतं 'एनसीव्ही' असेल तर कोणता हात आणि कोणत्या नसा हे लिहून मागा. केंद्रात शुल्क किती नसा तपासायच्या त्यावर ठरतं, स्नायूत सुई घालून करायच्या तपासणीचे पैसे वेगळे लागतात आणि विमा कंपनी मंजुरी देते ती चिठ्ठीत जे लिहिलंय त्यालाच. माझी मंजुरी यायला चार कामाचे दिवस लागले. तारीख मिळाली २९ जानेवारीची. म्हणजे तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत मी वाचत बसले. नस म्हणजे विजेची तार, असं शाळेपासून डोक्यात बसलं होतं. ते बरोबर नाही, आणि का नाही हे समजलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तारेतला संदेश डोळ्याची पापणी लवायच्या आत कुठल्या कुठे पोचतो. नसेतल्या सर्वांत वेगवान तंतूतला संदेश सेकंदाला १२० मीटरच्या आसपास थांबतो. कारण नसेत वीज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत जात नाही. ती प्रत्येक जागी नव्याने तयार होते.

तंतूच्या पातळ पटलाच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. पटलात सोडियमसाठी बारीक दारं असतात, एरवी बंद. एखाद्या जागी हा विद्युतदाब ठरावीक उंबरठ्यापर्यंत चढला की तिथली दारं उघडतात, सोडियम आत घुसतो आणि क्षणभर आतली बाजूच धन होते. मग सोडियमची दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि सगळं पूर्ववत होतं. हा सारा खेळ जेमतेम एका मिलिसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. तेवढ्यात शेजारच्या जागेचा दाब उंबरठा ओलांडतो आणि तिथे तेच घडतं. विटा हातोहात पुढे द्याव्यात तसं. प्रत्येक हात आपलं बळ लावतो, म्हणून खांद्यापासून बोटापर्यंत जाताना संदेश क्षीण होत नाही. नुकतंच पेटून गेलेलं ठिकाण काही काळ पुन्हा पेटू शकत नाही, म्हणून संदेश उलट फिरत नाही.

हे आत शिरून पाहिलं ते अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी, स्क्विड या समुद्री प्राण्याच्या तंतूवर. तो तंतू अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड असतो, त्यात इलेक्ट्रोड आत सरकवता येतो. १९३९ मध्ये त्यांनी आतला दाब उलटताना प्रत्यक्ष नोंदवला, १९५२ मध्ये दारांच्या उघडझापीचं गणित मांडलं आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मला यातली खरी गंमत पुढच्या तुलनेत वाटली. स्क्विडचा तो जाडजूड तंतू सेकंदाला वीस-पंचवीस मीटर वेगाने संदेश नेतो आणि आपल्या हातापायांतले जाडीला मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे तंतू त्याच्या चार-पाच पट वेगाने. फरक मायलिनचा. आपल्या वेगवान तंतूंवर मायलिनचं आवरण असतं आणि साधारण मिलिमीटरभर अंतरावर त्याला उघड्या फटी असतात, त्यांना रॅनव्हियरच्या गाठी म्हणतात. दारांची उघडझाप फक्त या गाठींवर होते, मधलं अंतर संदेश गाळून जातो. पायऱ्या गाळत जिना उतरावा तसा.

म्हणूनच नस दाबली गेली आणि तिथलं मायलिन विरलं की पायऱ्या गाळता येत नाहीत, संदेश रेंगाळतो. तंतूच तुटले तर गोष्ट वेगळी. उरलेले तंतू पूर्वीच्याच वेगाने काम करतात, पण संख्या घटल्यामुळे एकूण लहरीची उंची कमी होते. वेग कमी असेल तर आवरणाचा प्रश्न, उंची कमी असेल तर तंतूंचा. तज्ज्ञ याहून बरंच बारकाईने बघतात, पण हा ढोबळ नियम पुढे माझ्या फार कामी आला.

२९ जानेवारी. केंद्रात आधी दोन पानी फॉर्म भरून घेतला. हृदयात पेसमेकर आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे प्रश्न त्यात होते. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर तारीख घेतानाच फोनवर सांगा, ऐनवेळी परत जावं लागायला नको. त्वचेला क्रीम किंवा तेल लावून जाऊ नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझे हात नेहमीप्रमाणे क्रीम लावलेले होते, ते स्पिरिटने पुसण्यात वेळ गेला. अंगठ्या-बांगड्या घरी ठेवून जा आणि बाही खांद्यापर्यंत सहज वर जाईल असं काहीतरी घाला.

खोली खूप गार होती. मला पाऊण तास बाहेर त्याच गारव्यात बसवलं होतं आणि स्पिरिटने हात आणखी थंड पडले. हे तेव्हा मला महत्त्वाचं वाटलं नाही, तपासणाऱ्यांनीही काही विचारलं नाही.

आता झटक्यांविषयी, कारण भीती त्याचीच असते. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे तिथे एक चिकटपट्टीसारखा इलेक्ट्रोड लावतात, दुसरा अंगठ्याच्या सांध्यावर, तिसरा हाताच्या पाठीवर. मग दोन बोथट टोकांचं एक उपकरण मनगटावर टेकवतात आणि टक् असा झटका देतात. अंगठा आपोआप उडी मारतो. पहिल्या झटक्याला मी दचकले, दुसऱ्याला हसू आलं, सातव्या-आठव्याला कंटाळा. रबरबँड ताणून सोडल्यासारखं लागतं, पण झटका संपताच दुखणंही संपतं, मागे काही उरत नाही. तो असतोच सेकंदाच्या पाच-दहा हजाराव्या भागाएवढा. एकाच जागी झटका हळूहळू वाढवत का नेतात हे मात्र आधी माहीत असावं, नाहीतर यंत्र बिघडलं की काय असं वाटतं. नसेत हजारो तंतू असतात, सगळे पेटल्याशिवाय मोजमाप खरं नाही. म्हणून लहरीची उंची वाढायची थांबली की त्याच्याही थोडं वर जाऊन शेवटचा झटका देतात. तेव्हा हात ताणून धरू नका, सैल सोडा. स्नायू आखडला तर लहर गढूळ येते आणि पुन्हा झटके खावे लागतात.

मनगटानंतर तीच कृती कोपराच्या आतल्या बाजूला. मग टेप काढून दोन जागांमधलं अंतर मोजलं, कापड मोजायच्या असतात तसल्या साध्या टेपने. मग करंगळीच्या बाजूची नस. मग बोटांत स्प्रिंगसारख्या कड्या घालून संवेदनेची तपासणी. दोन्ही हात मिळून पन्नास मिनिटं गेली. सुईची तपासणी त्या दिवशी झाली नाही.

अहवाल ३१ जानेवारीला आला. दोन्ही हातांतल्या सगळ्याच नसांचा वेग कमी. शेवटी एक ओळ होती: सर्व नसांचा व्यापक विकार असण्याची शक्यता नाकारता येत नाही, वैद्यकीय पार्श्वभूमीशी ताडून पाहावे.

ती ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी एका दबलेल्या नसेसाठी गेले होते आणि अहवाल सगळ्या शरीराविषयी बोलत होता. रात्री मुंग्यांनी जाग यायची तेव्हा आता पायांनाही येताहेत का हे मी चाचपून बघायला लागले, आणि चाचपलं की येतातच. ३ फेब्रुवारीला रक्त दिलं. साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, बी-१२, थायरॉईड. ६ तारखेला सगळं ठीक आलं. तरी मेंदू-मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांची तारीख १९ फेब्रुवारीची होती आणि ते तेरा दिवस फार वाईट गेले. जर कुणी आत्ता अशाच तेरा दिवसांत अडकलं असेल तर एवढंच सांगते, 'नाकारता येत नाही' ही अहवालाची भाषा आहे. तिचा अर्थ 'आहे' असा होत नाही. आणि अहवालाबरोबर लहरींचे आलेख मागून घ्या. मला पहिल्यांदा फक्त निष्कर्षाचं पान दिलं होतं. आलेखांसाठी अर्ज करून दोन खेपा घालाव्या लागल्या, पण पुढचं सगळं त्या आलेखांवरच उलगडलं.

याच काळात मी हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांच्या प्रयोगाविषयी वाचलं आणि माझ्या अहवालातला आकडा मुळात येतो कुठून ते पहिल्यांदा नीट समजलं. त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांना वाटत होतं की नसेतल्या संदेशाचा वेग माणसाला कधीच मोजता येणार नाही, इतका तो प्रचंड असणार. १८४९-५० मध्ये क्योनिग्सबर्गमध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या नसेसकट घेतला. नसेला स्नायूच्या जवळ झटका दिला आणि स्नायू आक्रसायला लागणारा वेळ मोजला. मग त्याच नसेला दूरच्या जागी झटका दिला, पुन्हा वेळ मोजला. दुसऱ्यांदा किंचित जास्त वेळ लागला. तो जास्तीचा वेळ म्हणजे दोन जागांमधलं अंतर कापायला संदेशाला लागलेला वेळ. अंतर माहीत होतं, भागाकार केला. सेकंदाला पंचवीस ते चाळीस मीटर. ध्वनीपेक्षाही कितीतरी कमी!

यात जो बारकावा आहे त्याला मी मनोमन नमस्कार केला. एकाच ठिकाणी झटका देऊन मोजलं असतं तर उत्तर चुकलं असतं, कारण संदेश नसेच्या टोकाला पोचल्यावर तो स्नायूत उतरायला वेगळा वेळ लागतो, स्नायू हलायला आणखी वेगळा. हे सगळे वेळ दोन्ही मोजमापांत सारखेच असतात. वजाबाकी केली की ते आपोआप गळून पडतात आणि नुसत्या नसेचा वेळ हातात उरतो. माझ्या मनगटावर आणि कोपरावर दिलेले झटके म्हणजे हीच वजाबाकी. १८६७ मध्ये हेल्महोल्ट्झ आणि त्यांचे सहकारी बाक्स्ट यांनी जिवंत माणसाच्या दंडावर आणि मनगटावर झटके देऊन अंगठ्याच्या बुडाच्या स्नायूवर हेच मोजलं. तीच मीडियन नस, तोच अंगठा, जो माझा २९ जानेवारीला उडत होता. आणि हात गार की उबदार यावर वेग बदलतो, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं.

हे शेवटचं वाक्य मी वाचलं, पण मला त्यातून काही सुचलं नाही. ते सुचलं डॉक्टरांना.

१९ फेब्रुवारीला मज्जासंस्थेच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंनी निष्कर्षाचं पान बाजूला ठेवलं आणि आधी आलेख पसरले. मग विचारलं, "तपासणीच्या वेळी हाताचं तापमान किती होतं?"

मला अर्थातच माहीत नव्हतं. अहवालात त्याची नोंद नव्हती.

"खोली गार होती का?"

मी म्हटलं, "खूप. माझी बोटं निळसर पडली होती."

मग त्यांनी पेनाच्या टोकाने एकेक लहर दाखवली. सगळ्या नसांचा वेग कमी आहे हे खरं, पण लहरींची उंची बघा. ती घटलेली नाही. उलट अपेक्षेपेक्षा जरा चांगलीच आहे आणि लहरी रुंद पसरलेल्या आहेत. थंडीत सोडियमची दारं उघडायलाही वेळ घेतात आणि मिटायला त्याहून जास्त. दारं जास्त वेळ उघडी, म्हणून लहर उंच आणि रुंद होते. आणि सगळी उघडझाप मंदावल्यामुळे संदेश सावकाश जातो. आजारी नसेत बहुतेकदा वेगाबरोबर उंचीही ढासळते. "आजारी नस आणि गार नस दोन्ही सावकाश चालतात," त्या म्हणाल्या, "पण त्यांची चाल वेगळी दिसते. ही मला गार वाटते. तपासणी पुन्हा करू."

एक अंश सेल्सिअस तापमान उतरलं की वेग सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटरने कमी होतो. हाताच्या त्वचेचं तापमान ३२ अंशांच्या वर ठेवूनच ही तपासणी करायची असते. चार-पाच अंशांचा फरक म्हणजे आठ-दहा मीटर, आणि एवढ्या फरकाने धडधाकट हात अहवालात आजारी दिसू शकतो. माझे जवळजवळ तीन आठवडे त्या चार-पाच अंशांत गेले.

विमा कंपनीने दुसऱ्यांदा तीच तपासणी करायला नकार दिला, कारण महिन्याच्या आतच पहिली झाली होती. डॉक्टरांनी एक परिच्छेदाचं पत्र दिलं: पहिल्या तपासणीत तापमानाची नोंद नाही, आलेख थंडीच्या परिणामाशी जुळतात, शस्त्रक्रिया लागेल की नाही हा निर्णय यावर अवलंबून आहे. या पत्रावर ४ मार्चला मंजुरी आली. तुमच्यावर अशी वेळ आली तर फोनवर वाद घालण्यात दिवस घालवू नका. कारण लिहिलेलं पत्र घ्या आणि आलेखांची प्रत जोडा.

११ मार्चला दुसऱ्या केंद्रात गेले. जाताना हातमोजे घातले होते. तिथे पोचताच तंत्रज्ञ ताईंनी हात हातात घेऊन पाहिले आणि काही बोलायच्या आत कोमट पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. दहा मिनिटं दोन्ही हात कोपराच्या खालपर्यंत पाण्यात. मग कोरडे करून त्वचेवर तापमापक चिकटवला: ३३.४ अंश. मध्ये एकदा ३२.३ झालं तेव्हा त्यांनी थांबून उबदार पिशवी ठेवली. मी विचारलं, इतकं लागतं का? "नाहीतर मी तुमची नस नाही, खोलीची हवा मोजत बसेन," त्या म्हणाल्या.

आकडे देते, कारण हिशोब स्वतः करून बघण्यात समाधान आहे. एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा: अंतर मिलिमीटरमध्ये आणि वेळ मिलिसेकंदात घेतला की भागाकार थेट मीटर प्रति सेकंद येतो. उजव्या मीडियन नसेला जानेवारीत मनगटापासून ५.६ मिलिसेकंद आणि कोपरापासून १०.५ लागले होते. वजाबाकी ४.९, अंतर २२० मिलिमीटर, वेग ४४.९. हाताला साधारण ५० च्या वर हवा. मार्चमध्ये, तोच हात उबदार असताना, मनगटापासून ४.९ आणि कोपरापासून ९.०. वजाबाकी ४.१, म्हणजे वेग ५३.७. करंगळीकडच्या नसेचा वेग ४४.७ वरून ५५.३ झाला. व्यापक विकार वगैरे काहीही नाही. तो आकडा पडद्यावर आला तेव्हा माझे डोळे भरून आले आणि ताईंनी न बोलता थोडा वेळ जाऊ दिला.

पण मनगटाचं दुखणं खरं होतं. करंगळीची नस मनगटापासून २.८ मिलिसेकंदांत पोचत होती, मीडियनला ४.९ लागत होते. ४.४ च्या आसपासची मर्यादा ओलांडलेली. मग अनामिकेची तपासणी झाली, जी मला सगळ्यांत सुंदर वाटते. एकाच बोटावर कड्या, मनगटावर एकदा मीडियनला झटका, एकदा अल्नरला, दोन्हींना अंतर मोजून सारखंच, १४ सेंटिमीटर. बोट तेच, ऊब तीच, टेप तोच. फरक पडला तर तो फक्त वाटेतला. निरोगी हातात दोन्ही वेळ जवळजवळ सारखे येतात, अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक झाला की संशय येतो. माझ्यात अल्नरला ३.०, मीडियनला ३.९. बोगद्यातून जाताना नऊ-दशांश मिलिसेकंद हरवत होते. माझी झोप मोडत होती ती एवढ्याशा उशिराने!

इथे मला एक प्रश्न पडला होता, तो ताईंना विचारला. स्पर्शाचा संदेश बोटाकडून मेंदूकडे जातो, मग मनगटावर झटका देऊन बोटावर कसा नोंदवता? त्यांनी सांगितलं की एका दिशेने जायची शिस्त संदेश टोकाला सुरू झाला तरच. तंतूच्या मधोमध पेटवलं तर दोन्ही बाजूंची दारं ताजीच असतात, संदेश दोन्हीकडे धावतो. बोटाकडे उलटा गेलेला आपण पकडतो.

टेपचं अंतर ताई दोनदा मोजत होत्या. २२ सेंटिमीटरमध्ये एका सेंटिमीटरची चूक झाली तर माझा ५३.७ हा वेग ५१.२ किंवा ५६.१ होतो. म्हणून मोजताना हात जसा ठेवायला सांगतील तसाच ठेवा, कोपर हलवू नका.

सुईची तपासणी डॉक्टरांनी स्वतः केली. अंगठ्याच्या बुडाच्या स्नायूत बारीक सुई, विजेचा झटका नाही. सुई जाताना दुखतं, त्या जागी तर चांगलंच दुखतं, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण ते दोन-तीन मिनिटांचं काम असतं. स्नायू सैल असताना यंत्र शांत हवं, जोर लावला की फडफड आवाज यायला हवा. माझ्या स्नायूत सैल असताना शांतता होती. म्हणजे मायलिन दबलं होतं, स्नायूकडे जाणारे तंतू तुटलेले दिसत नव्हते. दोन दिवस तिथे निळा डाग राहिला, बाकी काही नाही.

पायांत आग होण्याची तक्रार घेऊन जाणाऱ्यांसाठी एक माहिती, जी डॉक्टरांनी मी न विचारता दिली. ही तपासणी जाड, वेगवान तंतूंचीच होते. आग आणि मंद ठणका वाहणारे सर्वांत बारीक तंतू मायलिनशिवायचे असतात, त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, आणि ते या आलेखात दिसतच नाहीत. म्हणून अहवाल निर्दोष आला तरी तुमची आग खोटी ठरत नाही. तसं डॉक्टरांना ठामपणे सांगा.

मला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, टंकलेखनाच्या मेजाची उंची बदलायला सांगितली. शस्त्रक्रिया सध्या नको, असं ठरलं. पहिला आठवडा पट्टा घालून झोप येईना. तो घट्ट बांधू नका, पट्टा आणि मनगट यांत एक बोट जाईल एवढा सैल ठेवा. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग पाच तास झोपले.

२२ एप्रिलला दाखवायला गेले तेव्हा सहा आठवड्यांत फक्त चार रात्री मुंग्यांनी जाग आल्याची नोंद होती. वेग पुन्हा मोजायचा तो सप्टेंबरात, मायलिन भरून यायला महिने लागतात. त्या चिठ्ठीवर नसांच्या नावांखाली डॉक्टरांनी आणखी एक ओळ लिहिली आहे: हात उबदार करून, तापमानाच्या नोंदीसह.